‘पॅल’ : एक दूरचा भाऊ

इंग्रजीच्या तासाला ‘फ्रेंड’चे समानार्थी शब्द विचारले, तेव्हा नववीतल्या एका मुलाने ‘पॅल’ असे उत्तर दिले आणि लगेच विचारले, “सर, हा शब्द आला कोठून?” प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तराची वाट विलायतेतून निघून थेट आपल्या ओसरीवर येते.

‘पॅल’ म्हणजे दोस्त, सवंगडी. इंग्रजी लेखनात तो १६८० नंतरच्या दशकात दिसू लागतो. परंतु मूळचा इंग्रजांचा नव्हे. तो आहे रोमानी या भटक्या लोकांच्या बोलीतला. हे लोक इजिप्तचे, अशा समजुतीने इंग्रजांनी त्यांना ‘जिप्सी’ म्हटले. वास्तविक त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले आणि इराण, आर्मेनियामार्गे युरोपात पोहोचले. १७८२ साली रूडिगर या जर्मन पंडिताने त्यांची भाषा हिंदुस्थानीशी ताडून हे नाते दाखवून दिले.

पुरावा त्यांच्या रोजच्या शब्दांतच आहे. कान तो ‘कान’च, पाणी ते ‘पानी’. आपल्या घ, भ यांच्या जागी त्यांच्याकडे ख, फ येतात. म्हणून घर ते ‘खेर’ आणि भूमी ती ‘फुव’. याच रीतीने संस्कृत ‘भ्रातृ’चे ‘फ्राल’ झाले आणि इंग्लंडात झिजून ‘पॅल’ उरले. तोच ‘भ्रातृ’ प्राकृतातील ‘भाउ’मधून आपला ‘भाऊ’ झाला. गंमत अशी, की इंग्रजांचा स्वतःचा ‘ब्रदर’ही याच कुळातला. एका घरचे दोन भाऊ वेगवेगळ्या वाटांनी इंग्लंडात आले आणि शेजारी राहूनही त्यांनी एकमेकांना ओळखले नाही!

आणि या भावाचे स्वागत कसे झाले? आठव्या हेन्रीच्या राज्यात १५३० साली या लोकांना देशाबाहेर काढण्याचा कायदा झाला. १५५४ च्या कायद्याने तर देशात राहिल्याबद्दल देहदंड ठेवला. माणसांना राज्याने थारा दिला नाही. त्यांचा ‘भाऊ’ मात्र लोकांच्या तोंडी कायमचा राहिला. कायदा माणसाला हद्दपार करू शकतो, शब्दाला नाही.

वाचकहो, आपण दुभाषी मुलखातली माणसे. मराठीच्या हक्कासाठी आपण झगडतो आणि ते योग्यच आहे. परंतु थोरल्या भावाला ‘अण्णा’ आणि थोरल्या बहिणीला ‘अक्का’ म्हणताना हे शब्द कानडीतून आले, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. त्याने मराठी उणी झाली नाही. घर मात्र वाढले.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, “बाळ, ‘पॅल’ म्हणजे भाऊ. फार दूर गेलेला, पण आपलाच.”