मोहगावचं गोटूल आणि कलम अठराचा दंड

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मोहगाव नावाचं गाव आहे. २०१९ मध्ये तिथल्या ग्रामसभेने आपली स्वतःची शाळा सुरू केली. नाव ठेवलं पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. शिकवायची भाषा गोंडी. २०२२ मध्ये शिक्षण खात्याची नोटीस आली. शाळेला मान्यता नाही, सबब ती अनधिकृत आहे, बंद करा, नाहीतर दंड. प्रकरण पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं.

बातमी चार दिवस फिरली आणि विरली. पण तिच्या पोटात एक जुनी गोष्ट आहे. ती सांगायची तर बरंच मागे जावं लागेल. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी कायदा, कारण गंमत तिथूनच सुरू होते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १८ म्हणतं, मान्यतेशिवाय शाळा चालवायची नाही. चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही सुरू ठेवली तर रोजचे दहा हजारांपर्यंत. कलम १० म्हणतं, मुलाला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य आहे. पण ते पाळलं नाही तर काय, याबद्दल कायद्यात शिक्षा नाही. म्हणून पुण्या-मुंबईत काही आईबाप आपली मुलं घरीच शिकवतात. होमस्कूलिंग म्हणतात त्याला. चार वर्षांची धाकटी आणि आठ वर्षांचा थोरला एकाच चटईवर बसतात, कडधान्यं निवडून वाट्यांत लावतात, पीठ मोजतात, कुंडीत बी लावतात. पुढे मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते. माझा त्याला काडीचा विरोध नाही. चांगलंच आहे.

फक्त हिशेब बघा. एका आईने तीन मुलं घरात शिकवली तर दंड नाही. वीस घरांनी मिळून आपली मुलं एका छपराखाली बसवली, आपल्या भाषेत शिकवली, तर एक लाख. त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं, की शिकणं कृतीतून, शोध घेत, मुलांच्या कलाने व्हावं आणि शक्य तिथवर मातृभाषेत व्हावं. राज्यघटनेचं अनुच्छेद ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करा म्हणतं, तेही १९५६ पासून. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त भरले, पण गोंडी आजही आठव्या अनुसूचीत नाही.

आता आमच्याकडचं घर बघा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे टोपली घेऊन अख्खं घर झाडाखाली जातं. तीन वर्षांचं पोर सुद्धा. त्याला कुणी ‘चल, शिकवतो’ म्हणत नाही. ते मोठ्या बहिणीच्या मागे मागे फिरतं, तिचं बघून फुलं उचलतं, अर्धी टोपलीत टाकतं, अर्धी तोंडात. सात-आठ वर्षांच्या पोराला कोणतं फूल सडलेलं आणि कोणतं वाळवायला चांगलं हे कळतं. दहा-अकरा वर्षांचं पोर कोणत्या झाडाचा मोह आधी संपतो हे सांगतं. मे महिन्यात तेंदूपान. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. मोठी माणसं तोडून आणतात, घरी बसून सगळे पुडे बांधतात. पानं मोजता मोजता लहानग्याची उजळणी होते, आणि चुकली की बाजूला बसलेला भाऊच डोक्यात टपली मारतो. शिकवणारा कोण? आई नाही, बाप नाही. बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांनी मोठं असलेलं दुसरं पोर.

याला मी आत्ता ‘शिक्षण’ म्हणालो. सत्तर वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. त्या काळी याला ‘मुलं जंगलात भटकतात’ म्हणत.

आणि घराच्या पुढे गोटूल. गोटुलाबद्दल बाहेर जे काही माहीत आहे ते बहुतांश व्हेरियर एल्विनच्या १९४७ च्या पुस्तकातून आलेलं, आणि ते पुस्तक बस्तरच्या मुरियांवर आहे. लोकांनी त्यातलं नेमकं चवीचं तेवढं उचललं, आणि अजून उचलतात. आमच्या गडचिरोलीत गोटूल म्हणजे गावाची जागा. पाहुणा तिथे उतरतो, तंटा तिथे सुटतो, सणाची तयारी तिथे होते, आणि लहान-मोठी पोरं कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत असतात. मोठ्यांनी कसं बोलायचं, भांडण कसं मिटवायचं, ढोल कसा वाजवायचा, याचे वर्ग भरत नाहीत, पण शिकणं होतं. वयाप्रमाणे पहिली-दुसरी असे तुकडे नाहीत. मेंढा (लेखा) गावाने आपलं गोटूल नव्याने बांधलं तेव्हा सागवान वापरलं म्हणून वन खात्याने ते मोडलं. गावाने पुन्हा उभं केलं. हे वनहक्क कायदा यायच्या कितीतरी आधीचं. पुढे २००९ मध्ये त्याच गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे त्यांचे अभ्यासगट होते. गाव बसून एकेक विषय वाचायचं, बोलायचं, सर्वांचं एकमत झाल्यावरच ठरवायचं. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा ही नावं तुम्ही ऐकली असतील.

म्हणजे गोटूल मोडायला सरकार एकदा लाकडासाठी आलं होतं. दुसऱ्यांदा मान्यतेसाठी.

आता शेजारच्या जिल्ह्यात जाऊ. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मांडलं की मूल हाताने काहीतरी उपयोगी करत करत शिकावं, आणि मातृभाषेत शिकावं. झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. सात ते चौदा वर्षांची मुलं, सात वर्षांचं शिक्षण. सेवाग्रामला आर्यनायकम पतीपत्नींनी शाळा चालवली. डॉ. अभय बंग त्याच नई तालीमच्या शाळेत शिकले. गडचिरोलीत त्यांनी काय केलं ते सांगायला नको.

पण सरकारी झाल्यावर नई तालीमचं काय झालं? टकळी उरली, विचार गेला. शाळेत सूत निघायचं आणि कुणी वापरायचं नाही. आईबापांना वाटायचं, घरी काम, शाळेतही काम, मग बाबू कधी होणार? त्यांचं चूक नव्हतं. कोठारी आयोगाने (१९६४-६६) त्याला ‘कार्यानुभव’ असं नाव दिलं, आणि कार्यानुभव म्हणजे काय हे आपल्या पिढीला माहीत आहेच. जिलेटीन पेपरची फुलं आणि काडेपेटीचं घर. तेही आदल्या रात्री आईने केलेलं.

सरकारी चौकटीच्या बाहेर ज्यांनी हे खरंच करून बघितलं त्यांच्यात दोन बायका होत्या. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत. तिथे त्यांच्या लक्षात आलं की पोरं शाळेत येत नाहीत याचं कारण आळस नाही. मुलगे गुरं घेऊन जातात आणि मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मग त्यांनी मुलांना दोष द्यायचं सोडून शाळा बदलली. गुरं जिथे चरतात तिथे शाळा नेली, ती कुरणशाळा. पाठीवरच्या भावंडासाठी पाळणाघर, त्याच्यापेक्षा मोठ्याला बालवाडी, आणि त्याच आवारात थोरलीला प्राथमिक शाळा. बाहुल्या नाहीत तर बिया, शिंपले, पानं, माती. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. तो शब्द १९७५ मध्ये सरकारच्या बालविकास योजनेने उचलला आणि आज तो देशभर आहे.

इथे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण जंगलातल्या शिकण्याचं गोड चित्र काढणं फार सोपं असतं. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र शिकतात तेव्हा ते बरेचदा एका थोरल्या बहिणीच्या जिवावर चालतं. धाकटा तिच्याकडून मोजायला शिकतो, आणि ती स्वतः चौथीत शाळा सोडते. घरची शाळा छान असते, पण तिच्यात तेंदूपानाच्या ठेकेदाराने लिहिलेली चिठ्ठी वाचता येत नाही. सात-बारा वाचता येत नाही. म्हणून ‘आदिवासींना त्यांच्या पद्धतीने जगू द्या’ म्हणणारे आणि ‘मुख्य प्रवाहात आणा’ म्हणणारे, दोघेही मला सारखेच आळशी वाटतात. कोसबाडने तो प्रश्न पाळणाघर बांधून सोडवला. थोरलीच्या पाठीवरचं ओझं आधी उतरवलं, मग पुस्तक दिलं.

आमच्याकडे उत्तर वेगळं निघालं, आश्रमशाळा. सहा वर्षांचं पोर गावातून उचलायचं आणि वसतिगृहात ठेवायचं. दुर्गम भागात शाळा पोचवण्याचा तेव्हा तोच रस्ता दिसला, आणि हजारो मुलं त्यातूनच शिकली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात एक धागा तुटला. पोर मोहाच्या हंगामात घरी नाही, गोटुलाच्या कोपऱ्यात नाही. थोरली-धाकटी जोडी फुटली. वर्गात सगळे एकाच वयाचे, आणि शिकवणारे गुरुजी त्याची भाषा न कळणारे.

हेमलकशाचं नाव यात घ्यावंच लागतं. बाबा आमट्यांनी डिसेंबर १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, १९७६ मध्ये तिथे शाळा झाली. तीही निवासी. सुरुवातीला मुलं पळून घरी जात. फरक हा की डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे आणि त्यांचे सहकारी आधी माडिया भाषा शिकले, आणि त्यांनी आपली स्वतःची मुलं त्याच शाळेत, माडिया पोरांसोबत बसवली. एवढी एक गोष्ट किती शिक्षणाधिकाऱ्यांनी केली आहे, हे ज्याने त्याने आठवून बघावं.

आता आजचं. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. इयत्ता चार किंवा पाच. म्हणजे गणितानेच एका खोलीत दोन-तीन वर्ग बसणार, सहा वर्षांचं आणि नऊ वर्षांचं पोर शेजारी असणार. जंगलपट्ट्यातली जवळजवळ प्रत्येक छोटी शाळा अशीच आहे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने नेमकं हेच बलस्थान मानलं. कार्डं केली, ज्याने त्याने आपल्या गतीने पुढे जायचं, मोठ्याने लहानाला दाखवायचं. तमिळनाडूने २००३ पासून चेन्नईच्या शाळांत त्याच धर्तीवर काम सुरू केलं. आपण मात्र गुरुजींना एका इयत्तेचं पुस्तक देतो आणि बहुवर्ग ही अडचण समजतो.

अडचण समजली की उपायही तसाच निघतो. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करून मुलं शेजारच्या शाळेत पाठवायचा निर्णय झाला. २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ आली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करा. राज्यात अशा शाळा १४ हजार ७८३ निघाल्या. कारण काय, तर कमी मुलांत सामाजिकीकरण होत नाही. वीस-पंचवीस घरांच्या गावात, जिथे सगळी मुलं एकमेकांच्या अंगाखांद्यावर वाढतात, तिथे सामाजिकीकरण होत नाही!

त्याच २०२३ च्या फेब्रुवारीत एनसीईआरटीने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ काढला. खेळणी, कोडी, बाहुल्या, कार्डं. नवं शैक्षणिक धोरण (२०२०) म्हणतं, या वयात खेळातून, हाताळण्यातून आणि घरच्या भाषेतून शिकवा. वाचून बरं वाटतं. दिल्लीहून पेटी निघते आणि गावातली शाळा यादीवर असते.

मोहगावने जे केलं त्यात चुकीचं काय होतं, हे मी बराच वेळ शोधत होतो. भाषा कायद्यात सांगितलेली. कृतीतून शिकवणं कायद्यात सांगितलेलं. १९९६ चा पेसा कायदा तर स्पष्ट म्हणतो की आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. राहिली मान्यता. खोल्या, कुंपण, शिक्षकांची पात्रता, यांचे निकष असायलाच हवेत, मुलांची सुरक्षा ही काही फालतू बाब नाही. पण निकष पूर्ण करायला मदत करणं हाही एक पर्याय असतो. गोंडी येणारा प्रशिक्षित शिक्षक द्या, गोंडीतली पुस्तकं छापा, मान्यतेची कागदपत्रं गावात येऊन भरून घ्या. नोटीस लिहायला एक कारकून पुरतो, याला माणसं लागतात.

आणि समूह शाळेचं म्हणाल तर एकदा जुलै-ऑगस्टमध्ये भामरागडकडे या. पर्लकोटा फुगली की तालुकाच तुटतो, मग मधल्या नाल्यांचं काय सांगायचं. नकाशावर तीन किलोमीटर दिसणारी शाळा त्या दिवसांत तीस किलोमीटरवर असते. मोठा मुलगा एखादवेळी जाईल. सहा वर्षांचं पोर घरीच राहील, आणि त्याला सांभाळायला कुणीतरी पाहिजे म्हणून त्याची बहीणही.