पाच हजार डॉलर्सचा आजार

२००१ साली अमेरिकेत पहिली नोकरी लागली. पहिल्याच दिवशी एचआरच्या बाईंनी विम्याचं कार्ड आणि एक जाडजूड पुस्तक हातात ठेवलं. कार्ड पाकिटात गेलं, पुस्तक कपाटावर. कार्डावर एका मोठ्या विमा कंपनीचं नाव होतं, त्यामुळे आजारी पडलो तर पैसे तीच देणार अशी माझी समजूत. पुढे बऱ्याच वर्षांनी, २०१५ च्या सुमारास, ऑफिसातल्या एका मित्राला कॅन्सर निघाला आणि त्याचा एक क्लेम नाकारला गेला. तेव्हा मी माझं पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. आमची योजना म्हणे 'सेल्फ-फंडेड' आहे. म्हणजे विमा कंपनी नुसते कागद हलवणार, बिलाचे पैसे जाणार आमच्याच कंपनीच्या तिजोरीतून.

ह्या एका शब्दापायी ह्यूस्टनमधला एक माणूस पार नागवला गेला होता.

जॉन मॅकगान 'एच अँड एच म्युझिक' ह्या कंपनीत नोकरीला होता. डिसेंबर १९८७ मध्ये त्याला एड्स असल्याचं कळलं. त्याने पहिले क्लेम पाठवले, मालकालाही सांगितलं. तेव्हाच्या योजनेत प्रत्येकाला आयुष्यभरात १० लाख डॉलर्सपर्यंत खर्च मिळत असे. जुलै १९८८ मध्ये कंपनीने कळवलं की १ ऑगस्टपासून योजना बदलते आहे. कंपनी आता सेल्फ-फंडेड होणार, आणि एड्सच्या उपचारांना आयुष्यभरात मिळून ५,००० डॉलर्स. दुसऱ्या कुठल्याही गंभीर आजाराला अशी वेगळी मर्यादा नव्हती! जानेवारी १९९० पर्यंत मॅकगानचे पाच हजार संपले.

तो कोर्टात गेला. आधार होता 'एरिसा' ह्या १९७४ च्या कायद्याचा. हा कायदा मुळात पेन्शनसाठी. १९६३ च्या डिसेंबरात साउथ बेंडमधला स्टुडबेकरचा मोटार कारखाना बंद पडला आणि हजारो कामगारांच्या पेन्शनवर पाणी पडलं. असल्या अनुभवांतून पुढे तो झाला. कामगाराने एकदा कमावलेलं पेन्शन मालकाला काढून घेता येत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. आरोग्याच्या योजनाही त्याच कायद्याखाली आल्या, पण 'कमावलेला हक्क' हे संरक्षण त्यांना दिलंच नाही. वर आणखी एक गंमत (कसली गंमत म्हणा). विम्याचं नियमन राज्यांकडे राहिलं, पण सेल्फ-फंडेड योजनेला 'विमा' समजायचं नाही असं ठरलं. म्हणजे राज्याचे विमा कायदे तिथे चालत नाहीत. आम्ही सॉफ्टवेअरवाले ह्याला दुसऱ्याच बगसाठी लिहिलेला पॅच म्हणू.

एरिसात हक्क वापरल्याबद्दल कर्मचाऱ्यावर सूड उगवायला मनाई आहे. मॅकगानचं म्हणणं, माझे क्लेम आले म्हणूनच योजना बदलली. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये पाचव्या सर्किट कोर्टाने सांगितलं की १० लाखांचं वचन कायमचं नव्हतंच, योजना बदलायचा अधिकार मालकाने राखून ठेवला होता, आणि मर्यादा एड्स होईल त्या सर्वांना आहे, एकट्या मॅकगानला नाही. हा शेवटचा मुद्दा मला आजही पचत नाही. निकाल ऐकायला मॅकगान नव्हता, तो त्याच वर्षी जूनमध्ये वारला होता. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

पुढची दुरुस्ती तुकड्यातुकड्यांनी झाली. अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातली नोकरीविषयक कलमं जुलै १९९२ मध्ये लागू झाली. १९९६ च्या 'हिपा'ने प्रकृतीकडे बघून एखाद्याला योजनेबाहेर ठेवायला किंवा जास्त हप्ता लावायला बंदी केली, पण सर्वांना सारखी लावलेली मर्यादा तिलाही चालत होती. ती भिंत पडली २०१० च्या ओबामांच्या कायद्याने. आवश्यक उपचारांवर आयुष्यभराची डॉलरमधली मर्यादा घालायची नाही, आणि हे सेल्फ-फंडेड योजनांनाही लागू! मॅकगाननंतर तब्बल बावीस वर्षांनी.

आता मित्राचं. नकार आला की कारण लेखी द्यावंच लागतं, अपिलाला १८० दिवस असतात, आणि क्लेमची सगळी कागदपत्रं मागितली तर फुकट द्यावी लागतात. हे त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तो एच-१बी वर, म्हणजे व्हिसा आणि विमा दोन्ही एकाच नोकरीला टांगलेले. त्यामुळे "उगाच नडायला नको रे, जाऊ दे" असंच त्याचं चाललं होतं. मी म्हटलं, अरे, कागद तरी मागव. मागवल्यावर कळलं की त्याच्या डॉक्टरांचा एक रिपोर्ट फाइलमध्ये पोचलाच नव्हता. तो जोडून अपील केलं. तेही फेटाळलं गेलं असतं तर बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडे जायची सोय होती, पण तशी वेळ आली नाही. क्लेम मंजूर झाला.

त्या पुस्तकाच्या मागच्या पानांत एक वाक्य आहे: ही योजना कधीही बदलण्याचा वा बंद करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. यंदाच्या आवृत्तीतही ते आहे, मी पाहिलं.