वस्तू, वचनचिठ्ठी आणि कादंबरीतील माणसे

इ. स. १८५७ च्या जानेवारीत, २९ तारखेस, पॅरिसच्या न्यायालयात एका कादंबरीवर खटला उभा राहिला. कादंबरी गुस्ताव्ह फ्लोबेर यांची ‘मादाम बोव्हारी’. आदल्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ती एका नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती. आरोप होता सार्वजनिक नीती व धर्म यांचा अवमान केल्याचा. सरकारी वकील एर्नेस्ट पिनार यांनी आपल्या भाषणासाठी चार प्रसंग निवडले होते : एम्मा बोव्हारीचा पहिला व्यभिचार, त्यानंतरचा तिचा भक्तीचा काळ, दुसरा व्यभिचार आणि मृत्यू. पापाचे फळ इतके भयंकर दाखविणारे पुस्तक अनीतीचे कसे, असे बचावाचे वकील सेनार यांचे उत्तर होते. ७ फेब्रुवारीस फ्लोबेर निर्दोष सुटले आणि त्यांनी पुस्तक सेनार यांसच अर्पण केले. वकिलास याहून मोठा मेहनताना मिळाल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

तथापि वकिली दृष्टीने कादंबरी वाचू लागले म्हणजे असे वाटते, की या खटल्यात मुद्देच चुकीचे काढले गेले. एम्मा विष घेते ती व्यभिचार उघडकीस आला म्हणून नव्हे. नवऱ्यास तिच्या हयातीत त्याचा पत्ताही लागत नाही. प्रियकरांची पत्रे त्याच्या हाती पडतात ती ती गेल्यावर. चोवीस तासांच्या आत आठ हजार फ्रँक भरावे असा हुकूम घरी येऊन पडतो, ज्याच्या त्याच्या दारी जाऊनही पैसा मिळत नाही, तेव्हा ती औषधविक्याच्या कपाटातील सोमल खाते. पिनारांच्या चार प्रसंगांत दुकान नाही, आणि कादंबरी तर दुकानदाराच्या वहीवरच उभी आहे.

हा दुकानदार म्हणजे योनव्हिल गावचा कापडवाला लरो. या नावाचा फ्रेंच भाषेतील अर्थ ‘भाग्यवान’ असा आहे, हे लक्षात ठेवावे. पहिल्या भेटीत तो एम्मापुढे मांडतो काय, तर तीन अल्जेरियन रुमाल, इंग्रजी सुयांच्या पुड्या, गवती सपाता आणि कैद्यांनी कोरलेल्या नारळाच्या लाकडाच्या चार वाट्या. एम्मा काही घेत नाही, आणि आपण किती शहाण्यासारखे वागलो म्हणून स्वतःवर खूशही होते. परंतु लरो वस्तू विकण्यास आलेलाच नसतो. पैशाची चिंता नको, लागल्यास मीच देईन, एवढे दारातून जाताजाता सांगून तो निघून जातो. विकण्याजोगी खरी वस्तू उधारी आहे हे त्याला पुरते ठाऊक असते.

पुढे लेऑन गाव सोडून जातो, आणि त्या विरहाची भरपाई म्हणून एम्मा गॉथिक घडणीचे प्रार्थनासन विकत घेते, नखे घासण्यासाठी एका महिन्यात चौदा फ्रँकांची लिंबे आणविते. आजारातून उठल्यावर तिला धर्म आठवतो. पण जपमाळा, ताईत आणि उशाशी पाचू जडविलेली अवशेषमंजूषा हवी, या रूपाने. देवळाच्या पायरीपाशी मांडलेल्या दुकानांतून वाट काढणाऱ्या आपल्या वाचकांस यात परके असे काहीच वाटणार नाही. एम्माची भक्ती खोटी नसते. तिला भक्ती करण्याची दुसरी रीत माहीत नसते, इतकेच, प्रीतीचेही तसेच. रोदोल्फला ती चाबूक देते तो सोन्याचा मुलामा दिलेल्या मुठीचा. पळून जाण्याचा बेत ठरतो तेव्हा आधी मागविते ती प्रवासी झगा आणि पेटी. तिच्या मनात जे जे उठते ते लरोच्या वहीत उतरते. मनाचा असा जमाखर्च मांडणारा लेखक त्या काळी तरी विरळा.

आता कागदांकडे वळू. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेप्रमाणे विवाहित स्त्रीस नवऱ्याच्या संमतीवाचून करार करता येत नसे. (गोव्यातील वाचकांस यावरून तेथे चालत आलेल्या पोर्तुगीज संहितेतील समाईक मालमत्तेचा नियम आठवेल. त्या नियमाखाली स्थावर विकावयास दोघांची संमती लागते; लरोस तेथे अंमळ कष्ट पडले असते.) म्हणून सासऱ्याच्या मृत्यूनंतर लरो मुखत्यारपत्राची युक्ती सुचवितो. त्याच्या आधारे बार्नव्हिलची लहानशी मिळकत चार हजारांस जाते. जुन्या वचनचिठ्ठ्यांच्या जागी नव्या येतात. एम्माच्या आजारात शार्लने वर्षाच्या बोलीने एक हजार फ्रँक घेतले, तेव्हा चिठ्ठी झाली होती एक हजार सत्तर फ्रँकांची. शेवटी कागद रूआंच्या एका सावकाराच्या नावे जातात आणि लरो हात झटकून मोकळा होतो. यातील एकही पायरी बेकायदेशीर नाही.

आपल्याकडे १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांवर उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख रोख्यांवरच होता. कागद जाळला म्हणजे कर्ज जळाले, हे त्या निरक्षरांना कळत होते. एम्मा बोव्हारी कॉन्व्हेंटात शिकलेली, कादंबऱ्यांवर वाढलेली. सही करण्यापूर्वी कागद मात्र तिने कधी वाचला नाही.

मग बेलिफ दोन पंच घेऊन येतो. जप्तीचे हे वर्णन कोणत्याही दिवाणी वकिलाने एकदा वाचावेच. शार्लच्या खोलीतील मस्तकविद्येचे डोके यादीतून वगळले जाते, कारण ते धंद्याचे साधन. बाकी भांडी, खुर्च्या, मेणबत्तीदाने, फडताळावरील शोभेच्या वस्तू, कपडे सर्व मोजले जाते. रोदोल्फच्या पत्रांची पेटी निघते, तेव्हा बेलिफ अदबीने परवानगी मागून कागद हलकेच झटकतो, जणू त्यांतून नाणी पडावयाची आहेत. पिनारांस ज्यात सारा गुन्हा दिसला, ते बेलिफाच्या लेखी रद्दी. आमच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येही धंद्याची हत्यारे, आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूणपांघरूण आणि धर्माचारानुसार स्त्रीस अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्तीतून सुटतात. माणसाजवळून काय काढून घेतल्यास तो माणूस उरत नाही, याची ती यादीच होय. एम्माच्या घरी अशा यादीबाहेरचे सामान पुष्कळ झाले होते.

शार्लही मरतो. सर्व विकून हाती उरतात बारा फ्रँक पंचाहत्तर सेंटिम. त्यांतून लहानग्या बेर्थचा आजीकडे जाण्याचा खर्च भागतो. पुढे ती मुलगी पोटासाठी सूतगिरणीत जाते. कापडाच्या उधारीत बुडालेल्या आईची ही मुलगी. फ्लोबेर हे एका वाक्यात सांगून टाकतो.

यानंतर १८८३ त झोलाने पॅरिसच्या महादुकानावर कादंबरी लिहिली. तिच्यासाठी त्याने ‘बाँ मार्शे’सारखी प्रत्यक्ष दुकाने पाहिली होती. तेथे लरो दारी येत नाही. गिऱ्हाईकच आपण होऊन जाते, भाव ठरलेला, घासाघीस नाही, न आवडल्यास वस्तू परत. शिक्षकाची बायको मादाम मार्ती लेसच्या पायी संसार धुळीस मिळविते. कुलीन घराण्यातील दुसरी एक बाई चोरी करताना पकडली जाते. पण झोलाला त्या दुकानाचा दिपविणारा झगमगाट आवडतो, आणि माझ्या मते त्यामुळे ही माणसे पुसट राहतात.

आजच्या कथेत हा धागा कोठे सापडतो म्हणाल, तर बेळगावकडच्या कन्नड जाणणाऱ्या वाचकांनी विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ (२०१३) अवश्य वाचावी. बंगळूरचे एक कुटुंब चहा विकणाऱ्या नोकरदार बापाच्या पगारावर मुंग्यांनी भरलेल्या लहान घरात राहते. दिवसाचा हिशेब एकत्र बसून होतो, एखादी वस्तू घ्यावयाची तर साऱ्या घराचा विचार लागतो. मग चुलत्याचा मसाल्याचा धंदा भरभराटीस येतो, मोठे घर होते, आणि वस्तू कोणासही न विचारता येऊ लागतात. येथे वचनचिठ्ठी नाही, जप्ती नाही, कर्जही नाही. निवेदक धंद्याचा संचालक म्हणविला जातो, पगार घेतो, काम करीत नाही. चुलत्याला भेटण्यास मसूरडाळीचा डबा घेऊन दारी आलेल्या एका स्त्रीस घरच्या बायका शिव्या देऊन हाकलतात, डाळ रस्त्यावर सांडते. निवेदक पाहत उभा राहतो. लरोने एम्माकडून सही घेतली तरी होती. या घरात कोणी कसलीच सही केलेली नाही, आणि तरी प्रत्येकजण बांधलेला.

त्याची बायको अनिता मात्र हे सारे तोंडावर बोलून दाखविते. ती हैदराबादेस माहेरी गेली आहे, तिच्याकडून काही निरोप नाही, आणि नवरा कॉफी हाऊसमध्ये नेहमीच्या टेबलापाशी बसून आहे.