कर्ण्यासमोरचा कारुसो

हेडफोन लावले की आधी फक्त खरखर ऐकू येते, शेजारच्या घरात कुणी भजी तळत असावं तशी. मग कुठून तरी लांबून पियानो. आणि मग अचानक, अगदी कानाशी, एक माणूस गायला लागतो.

तो माणूस एन्रिको कारुसो. तारीख ११ एप्रिल १९०२, ठिकाण मिलानमधलं ग्रँड हॉटेल. सव्वा वर्षापूर्वी याच हॉटेलात व्हेर्दी वारले होते. आता तिथल्या एका खोलीत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने आपलं यंत्र मांडलं होतं. कारुसो तेव्हा ला स्काला नाट्यगृहात फ्रांकेत्तीच्या नव्या ‘जेर्मानिया’ ऑपेरात गात होता आणि त्याच्या आवाजाने शहर वेडं झालं होतं. दहा गाणी, एका दुपारचं काम, मानधन १०० पौंड. लंडनच्या ऑफिसने ‘एवढे पैसे द्यायचे नाहीत’ अशी तार केली आणि गाइसबर्गने ती सरळ गुंडाळून ठेवली, असं म्हणतात. म्हणणारा स्वतः गाइसबर्गच, तेही चाळीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणींत. तेव्हा चवीपुरतं मीठ घालूनच घ्या. पण एक गोष्ट मला फार आवडते: त्या दिवशी गाणारा आणि रेकॉर्ड करणारा, दोघेही २९ वर्षांचे होते. जवळजवळ माझ्याच वयाचे.

त्या खोलीत मायक्रोफोन नव्हता. वीज लागेल असं रेकॉर्डिंगमध्ये काहीच नव्हतं. एक मोठा पत्र्याचा कर्णा, त्याच्या अरुंद टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गळ्यातून निघालेल्या हवेच्या धक्क्यांनीच मेणात चर कोरला जायचा. आवाज वाढवायचं बटण नाही, कमी करायचं नाही. मिक्सिंग म्हणजे कोण किती अंतरावर उभं आहे, एवढंच. वरचा जोरकस सूर आला की गायकाने मागे सरकायचं, हळुवार जागा आली की कर्ण्यात तोंड घालायचं. पियानो ऐकू यावा म्हणून तो खोक्यांवर चढवलेला. व्हायोलिनचा नाजूक आवाज पोचत नाही म्हणून पुढे लाकडी पोटाऐवजी कर्णा बसवलेलं स्ट्रो व्हायोलिन वापरात आलं.

शिवाय मेणावर कोरलेलं लगेच वाजवून बघायची सोय नव्हती, वाजवलं की चर खराब. चूक झाली तर दुसरं मेण घ्यायचं. मग त्यावरून धातूचा साचा आणि साच्यावरून तबकड्या. त्या तबकड्यांना घट्टपणा देणारी लाख मुख्यतः आपल्या देशातून जायची, बांगड्यांची असते तीच. (हाच गाइसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला उतरला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. मिलानची वसंत ऋतूतली दुपार आणि कलकत्त्याचा हिवाळा, मध्ये फक्त सात महिने.)

हा कर्णा सगळ्यांना सारखा न्याय देत नसे. साधारण २००-२५० ते २,५०० हर्ट्झ, एवढाच पट्टा तो नीट पकडायचा. पुरुषाच्या भरीव आवाजाचा बराचसा ऐवज त्यात बसतो. स्त्रीच्या उंच आवाजाचा मूळ सूर बसतो, पण त्याला रंग देणारे वरचे उपस्वर गळून पडतात आणि उरते ती बासरीसारखी शीळ. नेली मेल्बाच्या १९०४ च्या तबकड्या एकेक गिनीला विकल्या गेल्या, तिच्यासाठी खास जांभळट लेबल काढलं गेलं, तरी आज ऐकताना वाटतं की बाई काचेपलीकडे उभ्या आहेत. म्हणजे कारुसो मोठा होताच, पण यंत्रालाही तो मानवला. ‘त्या पिढीत कारुसोसारखं कुणी नव्हतं’ हे वाक्य ऐकलं की मला आता विचारावंसं वाटतं, कुणाच्या मते? माणसांच्या की कर्ण्याच्या?

माझं काम ऑडिओचं. मीटिंगमधला पंख्याचा, कुत्र्याचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. एका रविवारी मी त्यातून कारुसोची १९०२ ची ‘तोस्का’तली आरिया काढली. पहाटे गोळ्या घातल्या जाणार आहेत, त्याआधी कावारादोस्सी प्रेयसीला आठवतो, तीच. खरखर गेली. त्याबरोबर ओळीआधी घेतलेला श्वासही गेला. आमच्या मॉडेलला तो गोंगाट वाटला.

हे दुखणं जुनं आहे. १९३२ मध्ये कंपनीने मेलेल्या कारुसोच्या आवाजाखाली नवा ऑर्केस्ट्रा वाजवून तबकड्या पुन्हा विकल्या. १९७० च्या दशकात यूटा विद्यापीठातले थॉमस स्टॉकहॅम (वॉटरगेटच्या टेपमधली साडेअठरा मिनिटं तपासणाऱ्या तज्ज्ञांपैकी एक) यांनी संगणक लावला. त्यांचा प्रश्न खरखरीचा नव्हताच, कर्ण्याचा होता. कर्णा काही सूरांना घुमतो, काही गिळतो. चरात उरतो तो गळा गुणिले कर्णा. समीकरण एक, अज्ञातं दोन.

त्यांची युक्ती साधी होती. गाण्याचे बारीक तुकडे करून सरासरी काढा. गळा दर क्षणी बदलतो, कर्णा तोच राहतो. मग तीच आरिया गाणाऱ्या आधुनिक गायकाच्या रेकॉर्डिंगची सरासरी त्यातून वजा करा. उरला तो कर्णा, तो काढून टाका. १९७६ मध्ये ही रेकॉर्ड बाजारात आली. कारुसो खरंच पत्र्यातून बाहेर आल्यासारखा वाटतो. पण गणित नीट बघितलं तर त्यात एक गोम आहे: सरासरीने कारुसोचा गळा त्या दुसऱ्या गायकासारखाच असणार, असं आपण धरून चाललोय. म्हणजे स्वच्छ झालेल्या कारुसोत थोडा तो दुसरा माणूसही गातो.

त्यात वेगाची भानगड वेगळीच. मिनिटाला ७८ फेऱ्या हा नियम नंतरचा. ७४ वर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, काळी एकची पांढरी दोन होते. गायक तरुण, हलका, जरा घाईत वाटू लागतो.

पुच्चिनीने ती आरिया बी मायनरमध्ये लिहिली, म्हणजे आपली पांढरी सात. मी आईची पेटी काढली, मूळ खरखरीत फाइल लावली आणि पट्टी दाबून धरली. फाइल पांढरी एककडे झुकत होती. वेग थोडा थोडा उतरवत नेला. त्या काळी सगळीकडे ४४० ची शिस्त नव्हती, त्यामुळे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नव्हती. एका जागी पियानो पेटीत जवळपास मिसळला. आवाज खाली आला, जाड झाला, वयाने वाढला. श्वास जागेवर होता.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “कोण रडतंय रे?”