मोटारसायकल आणि स्वाराचें पाऊल

घोड्यावर बसणारा मनुष्य मांड ठोकण्यापूर्वीं रिकिबीचा पट्टा आपल्या पायाच्या लांबीप्रमाणें कमीजास्त करून घेतो. मराठ्यांच्या फौजेंत शिलेदार स्वतःच्या घोड्यावर बसे, बारगिरास घोडा सरकारांतून मिळे. पण रिकीब मात्र ज्याच्या त्याच्या पायास जुळेल अशीच हवी. ती लांब झाली तर स्वाराचा आधार सुटतो, आंखूड झाली तर गुडघे अवघडतात. ही जाण इतकी जुनी असतां, आज नवी मोटारसायकल घरीं आणणारा गृहस्थ तिला हार घालतो, चाकापुढें नारळ फोडतो, आणि तिचें ब्रेकचें पेडल व गिअरची दांडी मात्र कारखान्यांत जेथें बसविलीं गेलीं तेथेंच वर्षानुवर्षें राहूं देतो. तीं आपल्या पायास जुळवून घेतां येतात, हें पुष्कळांना ठाऊकही नसतें. वास्तविक हीं साधनें स्वाराच्या पायाशीं येऊन पोंचलीं त्याला मोठा इतिहास आहे, आणि तो समजला म्हणजे तीं जुळवून घेण्याचें महत्त्वही आपोआप समजतें.

विसाव्या शतकाच्या आरंभींच्या बहुतेक मोटारसायकली म्हणजे इंजिन जोडलेल्या सायकलीच होत्या. पुढें गिअरपेट्या आल्या, तेव्हां गिअर बदलण्याची दांडी पेट्रोलच्या टाकीच्या कडेस बसविण्याची रीत पडली. याचा अर्थ असा कीं, गिअर बदलावयाचा तर एक हात हँडलवरून काढणें भाग होतें. खडबडीत रस्ता, चढण किंवा अरुंद वळण, म्हणजे ज्या ठिकाणीं दोन्ही हात हँडलवर हवेत, नेमक्या त्याच ठिकाणीं स्वाराचा एक हात टाकीकडे जाई. हार्ले-डेव्हिडसन व इंडियन या अमेरिकन गाड्यांत तर क्लच पायाखालीं आणि गिअर हातांत अशी उलटी वाटणी दीर्घकाळ चालली. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना पायाचा गिअर मिळावयास १९५२ साल उजाडलें.

हाताचें हें काम पायाकडे देण्याची कल्पना नवी नव्हती. अडचण निराळीच होती. जुन्या पद्धतीची दांडी प्रत्येक गिअरला निराळ्या जागीं उभी राही. पहिल्या गिअरला ती खालीं, दुसऱ्याला मधें, तिसऱ्याला वर. हाताला डोळ्यांची मदत असते, म्हणून तो ती शोधून काढतो. पायाला तें जमत नाहीं. हा पेंच इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या व्हेलोस कंपनींतील हॅरोल्ड विलिस यानें १९२८ च्या सुमारास सोडविला. तो स्वतः शर्यतींत धांवणारा स्वार होता. त्यानें गिअरच्या दांडीस खांचांचें व खिट्टीचें असें यंत्र जोडलें कीं, पायानें एकदां दाबली म्हणजे एकच गिअर बदलावा आणि पाऊल उचलतांच दांडी आपल्या मूळ जागीं परत यावी. कंपनीच्या व्हेलोसेट गाड्यांनीं शर्यतींत या युक्तीचा उपयोग सिद्ध केला, आणि पुढच्या दहा वर्षांत ती बहुतेक सर्व कारखान्यांनीं उचलली.

या शोधाचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाहीं. दांडी नेहमीं एकाच जागीं परत येऊं लागल्यामुळें ती जागा स्वाराच्या पायाप्रमाणें निश्चित करतां येऊं लागली. जी वस्तु दर क्षणीं निराळ्या ठिकाणीं असते ती जुळवावयाची तरी कशास? विलिसच्या यंत्रानें पायाला काम दिलें, आणि त्याबरोबरच तें काम पायाच्या सोयीनें मांडून घेण्याचा मार्गही मोकळा केला.

आतां प्रश्न उरला तो कोणत्या पायाचा. ब्रिटिश कारखान्यांनीं बहुधा गिअर उजव्या पायाकडे व ब्रेक डाव्याकडे दिला. युरोपांतील इतर कांहीं कारखान्यांची पद्धत याच्या उलट होती. हिंदुस्थानांत दोन्ही पद्धती नांदल्या. भारतीय लष्करानें रॉयल एनफील्डच्या बुलेट गाड्या मागविल्यावर १९५५ सालीं मद्रासेंत एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली, आणि उजव्या गिअरची, डाव्या ब्रेकची बुलेट देशांत रुळली. तिला गिअरच्या दांडीजवळ टांचेनें दाबण्याची आणखी एक लहान दांडी असे. पहिल्याखेरीज कोणत्याही गिअरमधून ती दाबली कीं गाडी एकदम न्यूट्रलमध्यें येई. दुसरीकडे मुंबईच्या इराणी कुटुंबानें म्हैसूर येथें काढलेल्या आयडियल जावा कारखान्यांतून १९६१ पासून जावा गाड्या निघूं लागल्या. त्यांचा गिअर डाव्या पायाला, आणि गंमत अशी कीं तीच दांडी वर फिरविली म्हणजे किक मारण्याच्या कामीं येई. ती पायानें हलविली कीं क्लचही आपोआप सुटे. हा कारखाना १९९६ सालीं बंद पडला.

एकाच गांवांत दोन मित्र, एकापाशीं बुलेट व दुसऱ्यापाशीं जावा असली, आणि त्यांनीं घटकाभर गाड्यांची अदलाबदल केली, तर धोका उघडच होता. संकटाच्या क्षणीं पाय विचार करीत नाहीं. तो संवयीनें चालतो. ब्रेक समजून गिअर दाबला जाई. अमेरिकेनें हा धोका ओळखून सप्टेंबर १९७४ पासून गिअर डाव्या व मागचा ब्रेक उजव्या पायाला असा नियम केला, आणि त्या बाजारांत गाड्या विकूं पाहणाऱ्या ब्रिटिश कारखान्यांना आपल्या दांड्या बाजू बदलून बसवाव्या लागल्या. आपल्या बुलेटनेंही नव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हीच वाट धरली.

महाराष्ट्राच्या पायांची कथा आणखी थोडी वेगळी आहे. येथील मध्यम वर्गाचें वाहन म्हणजे पुण्याजवळच्या आकुर्डीस तयार होणारी बजाज स्कूटर. १९७२ सालीं चेतक आली. या स्कूटरचा गिअर डाव्या मुठींत आणि ब्रेक उजव्या पायाखालीं. डाव्या पायाला कांहींच काम नसे. १९८० नंतर जपानी कंपन्यांच्या सहकार्यानें शंभर सी. सी. च्या मोटारसायकली आल्या, तेव्हां या निवांत बसलेल्या डाव्या पायाला प्रथमच कामाला लागावें लागलें. आपल्याकडे चपला व सँडल घालून गाडी चालविण्याची रीत. शिवाय कचेरींत जाणाऱ्यास पॉलिश केलेल्या बुटावर गिअरचा ओरखडा नको असतो. पुढें बोटांसाठीं व मागें टांचेसाठीं अशी दुहेरी दांडी या गरजेला उत्तम उतरली, कारण तींत दांडीखालीं पाऊल घालून ती वर उचलावी लागत नाहीं. मागें बसणाऱ्याचाही विचार झाला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं मागील स्वारासाठीं धरण्याची मूठ, पाय टेकण्याची जागा, आणि कपडे चाकांत अडकूं नयेत म्हणून निम्मेंअधिक चाक झांकणारें आवरण आवश्यक ठरविलें. आपल्या घरोघरीं त्यालाच साडी गार्ड म्हणतात.

इतकें सर्व होऊनही शेवटचें पाऊलभर अंतर शिल्लक राहतें, आणि तें भरून काढण्याचें काम मालकाचें आहे. कारखाना सरासरी पायाचा विचार करतो. सरासरी पाय कोणाचाच नसतो. नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यांतील खापरखेड्याचें उदाहरण घ्यावें. तेथें २१० मेगावॅटचे चार व ५०० मेगावॅटचा एक असे संच असलेलें वीजकेंद्र आहे, आणि आसपास कोळशाच्या खाणी आहेत. अशा गांवीं पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या पायांत लोखंडी टोपीचे जाड सुरक्षा बूट असतात. त्या बुटाचें टोंक गिअरच्या दांडीखालीं सहज शिरत नाहीं. तोच मनुष्य सायंकाळीं चप्पल घालून बाजारांत जातो, तेव्हां तीच दांडी उंच वाटते. म्हणून ज्या पादत्राणांत गाडी अधिक चालते तींच घालून माप घ्यावें. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून नेहमींच्या पद्धतीनें बसावें, फुटरेस्टवर पाऊल टेकावें, आणि घोटा न ताणतां, न दुमडतां तळवा कोठें येतो तें पाहावें. पेडल त्या तळव्याच्या किंचित खालीं हवें.

गिअरची दांडी पुष्कळ गाड्यांत एका दांतेरी आंसावर चिमट्यासारखी बसविलेली असते. तिचा बोल्ट पुरता काढावा लागतो, कारण तो बहुधा आंसावरील खांचेंतून गेलेला असतो. दांडी ओढून एक दांता पुढेंमागें बसविली कीं तिचें टोंक सुमारें इंचभर वरखालीं होतें. दुहेरी दांडीचें पुढचें टोंक वर गेलें म्हणजे मागचें तितकेंच खालीं येतें, म्हणून दोन्हीकडे पाहूनच निर्णय घ्यावा. जेथें मधें जोडदांडी असते तेथें तिच्या दोन्ही टोंकांचे लॉकनट सैल करून ती फिरवितां येते, आणि फरक अधिक बारकाईनें करतां येतो.

ब्रेकच्या बाबतींत क्रम चुकवून चालत नाहीं. प्रथम पेडलची उंची, नंतर मोकळी चाल, आणि शेवटीं मागच्या दिव्याचा स्विच. उंची बहुधा पेडलपाशीं असलेल्या थांब्याच्या बोल्टानें ठरते. पेडल खालीं घेतलें कीं मोकळी चाल कमी होते व ब्रेक चाकाला घासूं लागतो. वर घेतलें कीं ती वाढते. म्हणून नंतर मागच्या चाकाजवळचा नट फिरवून ती पुन्हां जुळवावी. ड्रम ब्रेकच्या अनेक गाड्यांत ही चाल २० ते ३० मिलिमीटर असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेंतील आंकडा तोच खरा मानावा. जुळवणी झाल्यावर चाक हातानें फिरवून मोकळें आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि कोणी गाडीवर बसल्यानंतर पुन्हां एकदां पाहावें, कारण भार पडला कीं ब्रेकच्या दांडीचा ताण बदलतो. जेथें मागें डिस्क ब्रेक आहे तेथें, तसेंच जेथें पायाच्या ब्रेकाबरोबर पुढचाही ब्रेक लागतो तेथें, हें काम जाणत्या मेकॅनिककडेच सोंपवावें. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी. पर्यंतच्या नव्या गाड्यांत असा जोडब्रेक किंवा ए. बी. एस. सक्तीचा झाला आहे, तेव्हां ही सूचना बहुतेक घरांना लागू पडते.

इतक्या बारीक गोष्टीसाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर गणितांत आहे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी अर्ध्या सेकंदांत सुमारें ७ मीटर पुढें जाते. पेडल उंच असल्यामुळें पाऊल फुटरेस्टवरून उचलून वर न्यावें लागलें आणि त्यांत अर्धा सेकंद गेला, तर ब्रेक लागण्यापूर्वींच हे ७ मीटर संपले. रस्त्यावर एकाएकीं आलेलें मूल त्याहून जवळ असूं शकतें. उलट पेडल फार जवळ असेल तर पाऊल नकळत त्यावर विसावतें, ब्रेकचे पट्टे तापून झिजतात, आणि मागचा तांबडा दिवा सतत जळत राहतो. मागून येणाऱ्यास मग खरा ब्रेक कधीं लागला हें कळतच नाहीं.

जुळवणी झाल्यावर सर्व नट पुन्हां घट्ट आहेत हें तपासून, मोकळ्या रस्त्यावर सावकाश फेरी मारावी, आणि पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळीं पुन्हां पाहावें. घरांतील दुसरा कोणी तीच गाडी चालविणार असेल तर केलेला बदल त्याला आधीं सांगावा, कारण त्याचा पाय जुन्या संवयीनेंच पेडल शोधणार. हातानें गिअर बदलणाऱ्या स्वारांना ही सोय मिळाली नव्हती. आजच्या स्वाराला ती दोन पान्यांच्या व पाऊण तासाच्या श्रमांत मिळते, आणि तिच्यावर त्याचा व रस्त्यानें चालणाऱ्या परक्यांचा जीव अवलंबून असतो.