ब्रिटनमधील गोंगाटी वाहनचालन आणि स्थानिक परिषदांचे अधिकार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

ब्रिटनमध्ये वाहनचालकांवरील स्थानिक नियंत्रणाची परंपरा जुनी आहे. १९०३ च्या मोटार कार कायद्याने ताशी २० मैलांची वेगमर्यादा घातली. स्थानिक संस्थेच्या मागणीवरून विशिष्ट भागात ती १० मैलांवर आणता येई. या तरतुदीचा हेतू सार्वजनिक सुरक्षितता हा होता.

शतकानंतर शांततेचा प्रश्न पुढे आला. २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याने उपद्रवी चालकाचे वाहन जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. २०१४ च्या कायद्याने मात्र इंग्लंड व वेल्समधील परिषदांनाच 'सार्वजनिक स्थळ संरक्षण आदेश' काढण्याची मुभा दिली. लंडनच्या केन्सिंग्टन-चेल्सी परिषदेने २०१५ मध्ये नाइट्सब्रिजमधील आलिशान मोटारींच्या कर्कश आवाजाविरुद्ध याच अधिकाराचा आधार घेतला.

अशा आदेशाचा भंग हा गुन्हा ठरतो. परिणामी, संसदेने स्वतंत्रपणे निषिद्ध न केलेले वर्तनही एखाद्या परिसरापुरते दंडनीय होऊ शकते. म्हणूनच आदेशापूर्वी पोलिसांशी विचारविनिमय, तीन वर्षांची (वाढवता येणारी) मुदत आणि सहा आठवड्यांत उच्च न्यायालयात आव्हान देण्याची सोय ही बंधने महत्त्वाची ठरतात. रहिवाशांची निद्रा व नागरिकांचे स्वातंत्र्य यांतील समतोल या बंधनांच्या काटेकोर पालनावरच अवलंबून आहे.