व्हिएन्नाचा नववर्ष-संगीतसोहळा

युरोपीय संगीताचा ज्यांना मनापासून नाद आहे, अशा रसिकांच्या पंचांगात १ जानेवारीची सकाळ ही सणाचीच सकाळ होय. व्हिएन्ना नगरीत सव्वाअकरा वाजतात तेव्हा मुंबईत दुपारचे पावणेचार झालेले असतात. आणि तेथील म्युझिकफेराइन या संगीतभवनाच्या सुवर्णसभागृहात व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने पहिले स्वर छेडले की नव्वदांहून अधिक देशांतील श्रोते एकाच क्षणी त्या सभेचे सभासद होतात. सभागृहातील आसनासाठी वर्षाच्या आरंभी नाव नोंदवावे लागते आणि सोडतीत ते निघाले तरच प्रवेश मिळतो. परंतु ज्यांचे नाव निघत नाही, त्यांच्या उत्साहाला त्यामुळे उणेपणा येत नाही. या सोहळ्याचा मी अनेक वर्षांचा भक्त आहे. आणि ज्या गोष्टीवर आपली भक्ती जडली तिचे कूळ व शील जाणून घेणे हे भक्ताचे कर्तव्यच आहे, अशा भावनेने तिचा पूर्ववृत्तांत येथे मांडतो.

हा वाद्यवृंद १८४२ साली ऑटो निकोलाय या संगीतकाराच्या पुढाकाराने उभा राहिला. दरबारी नाट्यगृहात ऑपेराची साथ करणारे वादक त्यात स्वतंत्रपणे एकत्र आले आणि आपला कारभार त्यांनी आपल्याच हाती ठेवला. वृंदातील वादकांनीच बहुमताने निर्णय घ्यावा, ही वहिवाट आजतागायत अबाधित आहे. थेओफिल हान्सेन या वास्तुकाराने रचलेले संगीतभवन जानेवारी १८७० मध्ये उघडले. सुमारे ४९ मीटर लांब, १९ मीटर रुंद आणि जवळजवळ १८ मीटर उंच असे हे सभागृह, त्याचे लाकडी तक्तपोशीचे छत, सोनेरी स्त्रीप्रतिमांच्या रांगा आणि सज्जे, ही सर्व शोभा केवळ नेत्रसुखासाठी नसून ध्वनीला मृदुता व परिपूर्णता देण्यातही तिचा मोठा वाटा आहे. या वास्तूच्या उद्घाटनानिमित्त झालेल्या नृत्यसमारंभासाठी धाकट्या योहान स्ट्राउसने एक नवा वॉल्ट्झ रचून दिला होता; त्यामुळे त्याच्या संगीताचे या भिंतींशी असलेले नाते पहिल्या वर्षापासूनचे आहे.

ज्या ‘निळ्या डॅन्यूब’ वॉल्ट्झने आज या सोहळ्याची सांगता जवळ येते, त्याचा जन्म मात्र एका उदास हंगामातला. १८६६ साली क्योनिगग्रेट्झच्या रणांगणावर प्रशियाने ऑस्ट्रियाच्या फौजेचा दारुण पराभव केला होता, आणि पुढच्याच फेब्रुवारीत व्हिएन्नाच्या पुरुष-गायकसंघाने ही रचना शब्दांसह प्रथम सादर केली. पराभूत नगरीच्या नृत्यहंगामासाठी रचलेले हे गीत पुढे साऱ्या जगाचे आनंदगीत झाले.

परंतु १ जानेवारीचा हा सोहळा स्ट्राउसच्या हयातीतला नव्हे, सम्राटांच्या अमदानीतलाही नव्हे. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया आपल्या मुलखाला जोडला, आणि त्याबरोबर वृंदातील ज्यू वादक बरतरफ झाले. १८८१ पासून प्रमुख व्हायोलिनवादक असलेल्या आर्नोल्ड रोझे यांना उतारवयात लंडनचा आश्रय घ्यावा लागला; जे निसटू शकले नाहीत, त्यांतील काहींचा अंत छळछावण्यांत झाला. अशा काळात, ३१ डिसेंबर १९३९ रोजी, क्लेमेन्स क्राउस यांच्या संचालनाखाली संपूर्णतः स्ट्राउसच्या रचनांचा एक विशेष कार्यक्रम झाला आणि त्याचे उत्पन्न नाझी राजवटीच्या हिवाळी मदतनिधीस देण्यात आले. १९४१ पासून हा कार्यक्रम १ जानेवारीस होऊ लागला. ज्याच्या संगीताचा असा गौरव चालला होता, त्या स्ट्राउसचे पणजोबा धर्मांतरित ज्यू होते, असे १७६२ सालच्या विवाहनोंदीवरून उघड होत होते. तेव्हा सत्ताधीशांनी नोंदवहीची मूळ प्रत दडवून ती नोंद वगळलेली बनावट प्रत दफ्तरात ठेवली. संगीत हवे, पण संगीतकाराचे कूळ नको, हा हट्ट कागदपत्रे खोटी करण्यापर्यंत पोहोचला!

युद्ध संपल्यावर हा कार्यक्रम सोडून द्यावा, असे कोणास वाटले असते तर ते अस्वाभाविक ठरले नसते. परंतु १९४६ साली तो पुन्हा झाला, आणि त्याचे संचालन योजेफ क्रिप्स यांनी केले. पित्याच्या ज्यू वंशामुळे ज्यांना नाझी अमलात संचालनाची बंदी झाली होती, त्यांच्याच हातून या परंपरेला स्वतंत्र व्हिएन्नातील पहिले रूप लाभले, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. १९४८ मध्ये क्राउस परत आले आणि १९५४ साली निधन होईपर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. त्यानंतर वृंदातीलच प्रमुख व्हायोलिनवादक विली बॉस्कोव्स्की पुढे उभे राहिले आणि १९७९ पर्यंत, सलग पंचवीस वर्षे, स्ट्राउसच्याच रीतीने व्हायोलिन हाती घेऊन त्यांनी हा सोहळा रंगवला. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५९ पासून, तो दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचू लागला. पुढे काही वर्षे लोरिन माझेल यांनी संचालन केले. आणि १९८७ साली हर्बर्ट फॉन काराजान आले तेव्हापासून दर वर्षी संचालक निराळा निवडण्याचा प्रघात पडला.

या मालिकेत १९९० साली झुबिन मेहता यांचे नाव प्रथम आले आणि त्यानंतर आणखी चार वेळा आले, याचा अभिमान मुंबईकराने का बाळगू नये? त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्या वाद्यवृंदाच्या तालमी ऐकत वाढलेला मुलगा अठराव्या वर्षी व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्की यांच्यापाशी विद्या घेण्यास गेला, आणि पुढे त्याच नगरीच्या सर्वांत लाडक्या सोहळ्यात संचालकाच्या चौथऱ्यावर चढला.

या सोहळ्याचे खरे वैशिष्ट्य मात्र श्रोत्यांच्या वाट्यात आहे. ‘निळ्या डॅन्यूब’चे पहिले कंपित स्वर उमटताच सभागृहातून टाळ्यांचा गजर होतो, संचालक वादन थांबवून श्रोत्यांकडे वळतो, सर्व वादक नववर्षाच्या शुभेच्छा देतात आणि मगच तो वॉल्ट्झ पुन्हा आरंभापासून वाजतो. अखेरीस थोरल्या स्ट्राउसचा राडेट्स्की मार्च सुरू होतो, आणि संचालक वृंदाकडे पाठ करून श्रोत्यांच्या टाळ्याच हाताच्या इशाऱ्याने लहानमोठ्या करवतो. हा मार्च १८४८ सालचा. इटलीतील कुस्तोझाच्या विजयानंतर एका साम्राज्याच्या सेनापतीच्या गौरवार्थ रचलेला. परक्या साम्राज्याची फौज आपल्या भूमीवर पाहिलेल्या देशातील श्रोत्याला त्या तालावर टाळी देताना हे विसरता येत नाही, आणि विसरूही नये.

तथापि हा प्रघात निर्जीव झालेला नाही, याचे दाखले आहेत. हिंदी महासागरातील त्सुनामीने लक्षावधी माणसे मेली, त्यांत आपल्या तामिळनाडू व अंदमानचीही होती. तेव्हा १ जानेवारी २००५ रोजी शोक म्हणून तो मार्च वाजवलाच गेला नाही. त्याची अनेक दशके रूढ असलेली मांडणी एका नाझी पक्षसदस्याची होती, म्हणून २०२० पासून वृंदाने स्वतःची नवी मांडणी स्वीकारली. महामारीमुळे २०२१ साली रिकाम्या सभागृहात वादन झाले, तेव्हा देशोदेशींच्या श्रोत्यांच्या टाळ्या तेथे ऐकवण्यात आल्या. स्त्रियांना या वृंदाचे सभासदत्व १९९७ पर्यंत नव्हते. आणि या सोहळ्यात एका स्त्रीची, कॉन्स्टान्झ गायगर हिची, रचना प्रथम वाजण्यास २०२५ साल उजाडावे लागले.

सर्वांत मोठी गोष्ट २०१३ ची. त्या वर्षी इतिहाससंशोधकांच्या हाती वृंदाचे दफ्तर सोपवण्यात आले आणि १९४२ साली १२३ वादकांपैकी ६० जण नाझी पक्षाचे सभासद होते, हे वृंदाच्याच संमतीने जगापुढे मांडण्यात आले. एखादी परंपरा शुद्ध कुळात जन्मली म्हणूनच वंदनीय ठरते, असे मला वाटत नाही. आपल्या दफ्तरातील काळी पाने आपल्या हातांनी उलगडण्याचे धैर्य तिच्या वारसांनी दाखवले, तर ती नव्याने वंदनीय होऊ शकते. हे धैर्य उशिरा आले, ही खंत मनात बाळगूनही त्याचे मोल कमी लेखू नये. ज्या रसिकाला रोझे यांचे नाव ठाऊक आहे, बनावट प्रतीची कथा ठाऊक आहे, त्याचा आनंद उणा होत नाही. या संगीताचा माधुर्यगुण कोणत्याही राजवटीच्या मालकीचा नव्हता, हे तो दर वर्षी नव्याने जाणतो, आणि म्हणून त्याची टाळी अधिक जाणती व अधिक मनापासूनची असते.